करवंटीच्या चुऱ्यातली नीरा

सरांना कॉलेजात सगळे करवंटीसर म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, माघारी म्हणत. मीही म्हटलेलं आहे, आणि ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते. आपली चूक दुसऱ्याने शोधायच्या आत आपण सांगायची, ही सवय मला त्यांनीच लावली. फार सोयीची सवय नाही ती. तिच्यापायी माझी पहिली नोकरी गेली.

नाव कसं पडलं ते आधी सांगते. दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातल्या साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. मग मोळीपूजन होतं, गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. बारामतीपासून इंदापूरपर्यंत असे कार्यक्रम ओळीने होतात आणि प्रत्येक कार्यक्रमात नारळ फुटतात. संचालकांचे वेगळे, शेतकी खात्याचे वेगळे, ऊसवाहतूकवाल्यांचे वेगळे. मांडवात सगळ्यांचं लक्ष व्यासपीठाकडे असायचं तेव्हा आमचे सर मागच्या बाजूला खताचं रिकामं पोतं घेऊन उभे असायचे. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, पायांत रबरी चप्पल. नारळ फुटला की पुढे व्हायचे आणि म्हणायचे, "खोबरं तुमचं, करवंटी माझी." नवा माणूस बिचकायचा. जुना वॉचमन मात्र हाक मारून आत घ्यायचा.

"या सर, या. औंदा दोन पोती निघत्याल बगा. चेअरमनसायबांनी येकावन्न नारळ आणल्याती."

ती पोती स्कूटरला बांधून कॉलेजात यायची. वर्कशॉपच्या मागे पत्र्याची एक शेड होती. तिथे आम्ही त्या करवंट्या खरवडायचो, कुटायचो, चाळायचो. चुरा पिंपात भिजत पडायचा आणि त्याचा आंबूस वास पार परीक्षा विभागापर्यंत जायचा. एकदा प्राचार्यांची लेखी नोटीस आली. सरांनी तिच्यावरच खाली उत्तर लिहिलं आणि शिपायाबरोबर परत पाठवली. "वास आठ दिवसांत जाईल. नदीचा प्रश्न त्यानंतरही राहील."

सर त्या शेडमध्ये नदीची वळणं बांधायचे. विटा-सिमेंटचा वाकडा पाट, एका टोकाला पंप, दुसऱ्या टोकाला टाकी, तळाशी वाळूच्या जागी हा चुरा. खरी वाळू चालत नाही. नदी शंभर पट लहान करता येते, पण वाळूचा कण शंभर पट लहान केला तर त्याचा चिखल होतो. कण आहे तेवढाच ठेवला तर पाटातलं एवढंसं पाणी त्याला हलवू शकत नाही. म्हणून कण हलका लागतो, पाण्यात बुडणारा पण थोड्या धक्क्याने सरकणारा. मोठ्या प्रयोगशाळांमध्ये त्यासाठी विकतचं सामान मागवतात. आमच्या सरांनी तो प्रश्न कारखान्याच्या मांडवात उभं राहून सोडवला. लोक हसले. हसू देत. पाट चालला.

मुलांची नावं सरांच्या लक्षात राहत नसत की ते ठेवत नसत, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. पहिल्या तासाला त्यांनी एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारला. "तुझ्या गावाला पाणी कुठून येतं?" कोणी म्हणालं कऱ्हा, कोणी म्हणालं नीरा. सणसरचा मुलगा म्हणाला, "कॅनॉल, सर." झालं. पुढे कायम तीच नावं. "ए कॅनॉल, खडू आण." कऱ्हेचे सातजण निघाले, ते कऱ्हा एक ते कऱ्हा सात झाले. त्यांतला कऱ्हा चार आज मोठ्या हुद्द्यावर आहे, पण आम्ही भेटलो की त्याला चारच म्हणतो.

माझी पाळी येईपर्यंत मी घाबरून गेले होते. त्याचं कारण वेगळं होतं. वहीवर, अर्जावर, जिथे खपून जाईल तिथे मी माझं आणि वडिलांचं नाव लिहायची, आडनाव गाळायची. हॉस्टेलवर पहिल्याच दिवशी खोलीतल्या मुलीने विचारलं होतं, "पूर्ण नाव काय गं तुझं?" मी सांगितलं. तिने तिची पाण्याची बाटली उचलून खाटेच्या पलीकडच्या बाजूला ठेवली. भांडली नाही. बाटली हलवली, एवढंच. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला, वस्तीत विहार आहे, विहाराच्या अभ्यासिकेत बसून मी बारावी केली. घराण्यात इंजिनिअरिंगला गेलेली मी पहिली. एवढं सगळं असून मी आडनाव गाळायची, आणि गाळल्यावर स्वतःचा राग करायची.

सरांनी नाव विचारलंच नाही.

"पाणी कुठून?"

"विहिरीचं, सर."

"विहिरीला कुठून?"

"वस्तीजवळ ओढा आहे. तो पुढे नीरेला मिळतो."

"ओढ्याचं नाव?"

"नाव नाही, सर. नुसता ओढाच म्हणतात."

"बरं. मग तू ओढा. बस खाली."

वर्ग हसला. मी पण हसले. चार वर्षांत त्या माणसाने मला माझ्याबद्दल दुसरं काही विचारलं नाही, आणि मला ते पुरलं.

दर वर्षी परीक्षेच्या आधी सर मुलांना एका सहलीला न्यायचे. सहल म्हणजे इंदापूरच्या बाजूला नीरेच्या काठावरची एक जॅकवेल. जॅकवेल म्हणजे नदीतलं पाणी उपसायला बांधलेली गोल, उंच विहीर. ही जॅकवेल वाळवंटात उभी होती. नदी तिच्यापासून शंभर पावलांवरून जात होती, मधे बाभळी उगवल्या होत्या. आम्ही एसटीतून उतरून चालत तिथे पोहोचलो की शेजारच्या रानातून एक म्हातारे शेतकरी कळशी घेऊन यायचे. त्यांना सर अण्णा म्हणायचे.

"आलं का सायेब, आपलं देऊळ बघायला?"

"आलो, अण्णा."

"देव काय न्हाय आला अजून ह्येच्यात."

"येणारही नाही. बरे आहात ना?"

"मी बरा हाय. पोरांस्नी पानी पाजा, ऊन लागंल."

मग सर जॅकवेलच्या भिंतीवर हात ठेवून आम्हाला सांगायचे, "ही जागा मी दाखवली. तरुण होतो, नवी नोकरी होती. इकडचा काठ पक्क्या मुरमाचा होता, बैलगाडी थेट खाली उतरत होती, म्हणून ही बाजू निवडली. नदीला बैलगाडीशी काय देणं? ही वळणाची आतली बाजू आहे. आतल्या बाजूला वाळू येऊन बसते. तीन पावसाळ्यांत विहीर बुजली. अण्णांच्या सगळ्या भावकीचा ऊस त्या पाण्यावर होणार होता. लिहून घ्या, परीक्षेत येणार नाही."

कॉलेजातल्या इतर सरांना हा प्रकार आवडायचा नाही. विद्यार्थ्यांपुढे आपला कमीपणा कशाला दाखवायचा, असं त्यांचं म्हणणं. सरांचा कुठे शोधनिबंध नाही, पुढची पदवी नाही, वर हे. एका सरांनी त्यांना स्टाफरूममध्ये विचारलं, "दर वर्षी तिथं जाऊन काय मिळतं तुम्हाला?" सर म्हणाले, "जागा पाठ होते."

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी आमच्या वस्तीजवळचं नीरेचं वळण घेतलं. गाव वळणाच्या बरोबर मध्यावर आहे. तिथे घाट आहे, देऊळ आहे आणि आबांची मळई, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन आहे. आबा म्हणजे गावाचे माजी सरपंच, आजही त्यांच्या शब्दाशिवाय गावात काही हलत नाही. गावाच्या खालच्या अंगाला, वळण संपत आलं की आमची वस्ती. दोन्ही एकाच काठावर, वळणाच्या बाहेरच्या बाजूला.

मे महिन्यात बंधाऱ्याचं पाणी उतरलं तेव्हा सर आमच्याकडे आले. सोबत त्यांचा लोखंडी गज होता, माणसापेक्षा उंच. नदीच्या तळात अनवाणी फिरायचं, दर वीस पावलांवर गज खुपसायचा आणि तो किती खाली जातो ते लिहायचं. पूर ओसरताना नदी आपण खणलेलं आपणच भरून टाकते, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. गज मात्र नव्या सैल वाळूतून सरळ जातो आणि जुन्या तळाला अडतो. घाटापाशी गज गुडघ्याएवढा गेला. वस्तीसमोर तो सरांच्या छातीइतका खोल गेला. म्हणजे पुरात नदी तिथे तेवढी खणत होती; सरांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

घरी आल्यावर आईने चहा केला. सर म्हणाले, "बिनसाखरेचा द्या, बाई."

"साखरंच्या मुलखात बिनसाखरंचा च्या? डाक्टरनं सांगितलंय व्हय?"

"नाही हो. साखर घातली की ढवळावी लागते. ढवळली की ती कपाच्या तळाशी मधोमध गोळा होते. मग मी तेच बघत बसतो आणि चहा निवतो."

आईने माझ्याकडे बघितलं. सर गेल्यावर म्हणाली, "मानूस चांगला हाय गं, पर जरा कलल्यालं हाय."

त्या उन्हाळ्यात शेडमध्ये आमचं वळण उभं राहिलं. घाट, मळई, वस्ती, सगळं मापात. मी पास झाले, पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत लागले, आणि पाट तसाच राहिला.

आता माझी चूक.

दोन वर्षांनी आमच्याच गावासाठी पूरसंरक्षक भिंत मंजूर झाली आणि तिचा अभ्यास आमच्या कंपनीकडे आला. नदीचा तळ कुठे खणला जाईल आणि कुठे भरेल हे कॉम्प्युटरवर काढायचं काम माझ्याकडे दिलं. तुझंच गाव आहे, कंपनीतले साहेब म्हणाले. मी हुरळून गेले. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वळणासाठी एक वेगळी सोय असते. वळणावर वरचं पाणी वेगात बाहेरच्या काठाकडे धावतं, आणि तळाजवळचं संथ पाणी उलटं, आतल्या काठाकडे येतं. ते येताना तळाची वाळू घेऊन येतं. म्हणून बाहेरचा काठ खणला जातो. पण सॉफ्टवेअर गणित सोपं करण्यासाठी पाण्याच्या पूर्ण खोलीचा एकच सरासरी वेग धरतं. ती सरासरी घेताना हे आडवं जाणं-येणं एकमेकांत वजा होऊन जातं. ते परत हिशेबात आणायला एका चौकोनात खूण करावी लागते. मी खूण केली की गणित मधेच कोलमडायचं. तीन दिवस कोलमडलं. साहेब म्हणाले, "काढ ती खूण. एवढ्या कामाला कोण बघतंय?"

मी काढली. गणित सुरळीत चाललं. नकाशा सुंदर आला. जिथे तळ खणला जाणार तिथे लाल, जिथे भरणार तिथे निळा. घाटापाशी लाल होतं, आमच्या वस्तीसमोर छान निळं. म्हणजे वस्तीला धोका नाही, भिंत घाटापासून मळईपर्यंत पुरे. मी त्या निळ्या रंगाकडे बघितलं आणि मला इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलंच नाही. सरांचा गज वस्तीसमोर छातीपर्यंत गेलेला मी डोळ्यांनी बघितला होता. तो मला आठवला नाही. मी आईला फोन करून म्हटलं, "आपलं घर शाबूत आहे गं." अहवाल वर गेला, नकाशाची प्रत पंचायतीतही लागली.

मग मी पेढे आणि नकाशा घेऊन बारामतीला, कॉलेजात गेले. सरांनी पेढा खाल्ला, नकाशा उजेडात धरला, पुन्हा एक पेढा खाल्ला. मग शेडमध्ये गेले. आमच्या पाटात चुरा सारखा केला. वस्तीच्या जागी, काठावर, खडूचे तुकडे ओळीने उभे केले.

"तुझ्या आईचं घर कितवं?"

"वरून तिसरं."

पंप सुरू झाला. घाटापाशी पाणी काठाला नुसतं घासून जात होतं. पुढे वळण सुटत आलं तिथे मात्र ते काठावर सरळ आदळत होतं. तळाचा चुरा रांगेने, मुंग्यांसारखा, आतल्या बाजूला निघाला. तासाभराने पहिला खडू पडला. मग दुसरा. तिसरा एका बाजूला कलला आणि तसाच राहिला. मी स्वतः पंप बंद केला.

"सर, मी ती खूण काढली होती."

"मला दिसलं ते. सरासरीत तळ हरवतो, ओढा." ते चुरा पुन्हा सारखा करायला लागले. "ग्रामसभा कधी आहे?"

"चार दिवसांनी."

"बरं आहे. मला तीन पावसाळ्यांनी कळलं होतं."

ग्रामसभा रविवारी शाळेच्या पटांगणात, सकाळी दहाला होती. आदल्या दिवशी मी साहेबांना फोनवर सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "अहवाल गेलाय. नकाशा दाखव, चहा पी आणि परत ये. शहाणपणा केलास तर सोमवारी येऊ नकोस." पुढच्या रांगेत आबा होते, शेजारी खात्याचे इंजिनिअर. वस्तीची माणसं मागे, लिंबाखाली, आणि त्यांच्यात माझे चुलते तात्या. सर सगळ्यांच्या मागे घमेलं घेऊन उभे होते. मी पडद्यावर नकाशा लावला.

मी म्हटलं, "हा नकाशा चुकीचा आहे. तो मी केलाय."

कोणाला पटकन समजलंच नाही. आबा पुढे झुकले. "म्हंजी? चुकला कोन, मशीन का तू?"

"मी, आबा. धोका घाटापाशी कमी आहे. खरा मार पुढे आहे, वस्तीसमोर. भिंत तिथपर्यंत न्यायला पाहिजे."

पटांगणात कुजबुज झाली. मग मधूनच कोणीतरी मोठ्याने बोललं, "आता कळलं! आपल्या वस्तीकडं भित न्ह्यायला नकाशा फिरवाय लागली बाई!"

हशा पिकला. तात्या लिंबाखालून उठले. "आरं, तवा निळा रंग दावला तवा फिरवला न्हवता का? तवा तर आमालाच सोडलं हुतं तिनं!"

"तात्या, बसा तुमी," आबा म्हणाले. "पोरी, परवा येक सांगतीस, आज येक. आमी धरायचं काय?"

तेवढ्यात सर रांगांमधून वाट काढत पुढे आले. घमेलं टेबलावर ठेवलं, निम्म्यापर्यंत पाणी ओतलं, खिशातून मूठभर वाळू काढून आत टाकली.

"आबा, हात घाला आणि गोल ढवळा. मग हात काढा. त्याआधी सांगा, वाळू कुठे जाईल? कडेला का मधे?"

"कडंला जाईल की. गरगर फिरल्यावर कंचीबी वस्तू भायेरच जाती."

"ढवळा."

आबांनी बाही मागे घेतली आणि ढवळलं. हात काढला. माणसं टेबलाभोवती गोळा झाली. पाणी फिरत राहिलं आणि वाळू सरकत सरकत मधोमध येऊन तिचा लहानसा ढीग झाला. कडेचा तळ लख्ख झाला.

"च्यायला," आबा म्हणाले.

सर सरळ उभे राहिले. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. "ही कड म्हणजे आपला काठ, पाणी जितकं वळत जाईल तितका तो जास्त खणला जातो, म्हणून मार वळणाच्या शेवटाला. घमेलं पंचायतीचं आहे. वाळू तुमच्या घाटावरची आहे, सकाळीच आणली. हात आबांचा आहे. आता सांगा, कोणी फिरवलं?"

आबांनी धोतराला हात पुसला आणि पुन्हा एकदा ढवळून बघितलं. वाळू पुन्हा मधे आली. खात्याचे इंजिनिअर घड्याळाकडे बघत म्हणाले, मंजूर आराखडा असा सभेत बदलता येत नाही. सर म्हणाले, "बदलू नका. ही मुलगी काय म्हणाली ते इतिवृत्तात लिहा. शब्दाला शब्द." ते लिहिलं गेलं. मी सही केली. सोमवारी मी कामावर गेले, तर माझी खुर्ची रिकामी करून ठेवलेली होती.

भिंत मूळ आराखड्याप्रमाणे घाटापासून मळईपर्यंतच बांधली गेली. मग वस्तीने ठरवलं, आपण आपलं करायचं. सरांनी गजाने जागा दाखवली, तात्यांनी माणसं जमवली. तारेच्या जाळ्या विणून त्यांत दगड भरायचे आणि काठाच्या पायथ्याला ओळीने मांडायचे, असं सरांचं सांगणं होतं. सर निवृत्तीला आले होते, तरी रोज स्कूटरवरून यायचे आणि एखादी जाळी वाकडी बसली की परत काढायला लावायचे. तात्या वैतागून म्हणाले, "सर, कारखान्यातबी येवढा तरास न्हाय." दगड आणायला गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशी आबांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट येऊन उभा राहिला. आबा आले नाहीत. ड्रायव्हर म्हणाला, "मला काय म्हाईत न्हाय, वस्तीवर जा म्हनल्यात."

ऑगस्टात धरणातून पाणी सुटलं आणि नीरा दोन दिवस काठोकाठ चालली. नव्या भिंतीला पाणी नुसतं घासून गेलं. ती संपली तिथून पुढे काठ ढासळायला लागला. दोन बाभळी गेल्या. वस्तीवरचं पहिलं घर गेलं, तिथवर जाळ्या पुरल्या नव्हत्या. त्यातली माणसं आणि भांडी आम्ही आधीच शाळेत हलवली होती. विहाराच्या कुंपणाचा कोपरा गेला. मग पाणी दगडांच्या जाळ्यांवर आलं. जाळ्या खाली खचल्या, पुढे वाकल्या, आणि तिथेच अडून राहिल्या. त्यांनी तसंच खचायचं असतं, सर आधीच म्हणाले होते. आईचं घर राहिलं. बाकीची सगळी घरं राहिली.

पुढच्या वर्षी भिंत वस्तीच्या पार खालपर्यंत वाढवण्यात आली. तिच्यावर पाटी आहे, त्यावर "ग्रामस्थांच्या मागणीनुसार" असं लिहिलेलं आहे. मी ते सरांना फोनवर वाचून दाखवलं. ते आता मुलीकडे लांब राहतात, गुडघे साथ देत नाहीत. ते खूप हसले. मग विचारलं, "ते जाऊ दे. गज किती गेला?" दर मे महिन्यात त्यांचा फोन येतो. प्रकृती, लग्न, पगार, काही विचारत नाहीत. हा एकच प्रश्न. मी वीस वीस पावलांनी घेतलेले आकडे वाचते आणि ते पलीकडे लिहून घेतात.

आता कॉलेजात त्या शेडमध्ये मी शिकवते. मोळीपूजनाला पोतं घेऊन मी जाते. मला करवंटीमॅडम म्हणतात ते मला ठाऊक आहे. शेड पाडून तिथे पार्किंग करायचं असं मधे चाललं होतं. मी नोटिशीच्या खालीच उत्तर लिहिलं. शेड अजून आहे.

तिच्या भिंतीवर दोन गोष्टी लावलेल्या आहेत. एक त्या जॅकवेलचा फोटो. दुसरा माझा नकाशा. तो कसा लागला ते सांगायचं राहिलं. खुर्ची गेली त्या सोमवारी मी पुण्याहून थेट सरांकडे आले होते. नकाशाची सुरळी हातात होती, फाडून टाकायची होती. सरांनी ती माझ्याकडून घेतली, पाटाच्या कडेवर पसरली आणि पेन पुढे केलं.

"कोणी केला ते लिही."

मी कोपऱ्यात बारीक अक्षरांत माझं आणि वडिलांचं नाव लिहिलं. सरांनी चष्मा वर करून बघितलं.

"पुढचं?"

मी पेन खाली ठेवलं. चार वर्षं आणि वर दोन वर्षं, एवढ्या काळात त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"कालच्या सभेत एवढी माणसं होती," ते म्हणाले. "त्यांच्यासमोर मी चुकले म्हणणारं एकच नाव निघालं. ते अर्धं कशाला लावायचं?"

मी ते अर्धं नाव खोडलं. त्यांच्या टेबलावरचं जाड मार्कर घेतलं आणि नकाशावर, त्या निळ्या रंगाच्या अगदी वर, पूर्ण नाव लिहिलं. आडनावासकट. सरांनी ते एकदा मोठ्याने वाचलं. मग खिळा शोधायला गेले.

नकाशा दारासमोरच आहे. शेडमध्ये पाऊल टाकणारा प्रत्येकजण पहिल्यांदा तेच वाचतो.